'अफेक्ट' की 'इफेक्ट'? नियम पाठ असूनही परत परत होणारी गल्लत आणि तिचा इलाज

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या मजकुरात एक जोडी हटकून घोटाळा करते: अफेक्ट आणि इफेक्ट. अहवाल असो, प्रबंधाचा गोषवारा असो की ग्राहकाला पाठवायचं साधं पत्र, कुठे ना कुठे ती अडकतेच. नवल याचं की नियम बहुतेकांना ठाऊक असतो. 'ए'ने सुरू होणारा शब्द क्रियापद, 'ई'ने सुरू होणारा नाम. विचारलं तर लगेच सांगतात. तरी पुढच्याच पानावर 'साइड अफेक्ट' उमटतं, नाहीतर 'इट विल इफेक्ट अवर वर्क'.

नियम माहीत असून चूक थांबत नसेल, तर दुखणं नियमाच्या अज्ञानात नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांमध्ये ही चूक दिसली की मी लेखकाच्या मनात आधी कोणतं मराठी वाक्य असेल याचा माग काढते. बहुतेक वेळा मूळ तिथेच सापडतं. म्हणून या लेखात आधी चुकीची लक्षणं, मग तिचं मराठीतलं मूळ आणि त्यानंतर दुरुस्ती असा क्रम घेतला आहे. घाई असेल तर थेट दोन साच्यांच्या भागाकडे जा, पण मूळ वाचल्याशिवाय चूक कायमची जाणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

चूक कोणकोणत्या रूपांत दिसते

वरवर एकच वाटणारी ही चूक चार रूपांत येते आणि प्रत्येक रूपाचा इलाज थोडा वेगळा आहे.

एक म्हणजे इफेक्टचं क्रियापद करणं. 'द हीट इफेक्टेड द मशीन.' लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की उष्णतेचा यंत्रावर परिणाम झाला. जाणकार वाचकाला मात्र उष्णतेने यंत्र घडवून आणलं, असा अर्थ लागतो. दुसरं याच्या उलट, अफेक्टचं नाम करणं: 'द अफेक्ट ऑफ हीट', 'साइड अफेक्ट्स', 'कम इंटू अफेक्ट'.

तिसऱ्या रूपात स्पेलिंग बरोबर असतं आणि वाक्य चुकलेलं असतं. 'हीट अफेक्ट्स ऑन द मशीन.' इथे 'ए' योग्य जागी आहे, पण 'ऑन' उपरा आहे. तपासणाऱ्याचं सगळं लक्ष पहिल्या अक्षराकडे असल्यामुळे हे रूप सर्वांत जास्त निसटतं. माझ्या मते मराठी माणसाची खरी चूक हीच आहे, बाकीच्या तिच्या फांद्या.

चौथं रूप अतिदुरुस्तीचं. नियम घोकलेला माणूस दुसऱ्याच्या मजकुरातला बरोबर शब्द 'सुधारून' ठेवतो. करारात 'टु इफेक्ट पेमेंट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे चुकते करणं. क्रियापदाला 'ए' हवा म्हणून तो तिथे 'टु अफेक्ट पेमेंट' करतो, आणि कलमाचा अर्थच हरवतो.

स्पेलचेकवर यात विसंबता येत नाही. दोन्ही शब्द कोशातले, दोन्हींचं स्पेलिंग शुद्ध, त्यामुळे लाल रेघ येण्याचं कारणच नाही. व्याकरण तपासणारी साधनं यातल्या काही चुका पकडतात, पण चौथ्या रूपात तीच चुकीची सूचना देण्याचा धोका असतो.

मूळ कुठे आहे

दोन कारणं जगभर सगळ्यांना लागू आहेत. इंग्रजी बोलताना या दोन्ही शब्दांत जोर 'फेक्ट'वर पडतो आणि पहिला स्वर इतका दुबळा होतो की पुष्कळ लोकांच्या तोंडी दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात. इंग्रजी मातृभाषा असलेलेही म्हणूनच चुकतात. दुसरं कारण म्हणजे दोघांचं मूळ एक. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणं. त्याला 'आद' हा उपसर्ग लागून कशावर तरी काही करणं, असा अर्थ झाला, तो अफेक्टचा. 'एक्स' लागून करून बाहेर काढणं, तडीस नेणं, असा अर्थ झाला, तो इफेक्टचा. दोन्ही उपसर्गांचं शेवटचं व्यंजन पुढच्या 'एफ'मध्ये विरघळलं, म्हणून दोन्हीकडे जोड-एफ आला. आपल्या 'कार्यकारणभाव' या शब्दातलं 'कार्य' म्हणजे नेमकं इफेक्ट, आणि तेही करणं या अर्थाच्या 'कृ' धातूपासूनच आलेलं आहे.

तिसरं कारण खास आपलं. त्यावर थोडं थांबायला हवं.

'झोपेचा अभ्यासावर परिणाम होतो.' हे अगदी सरळ मराठी वाक्य आहे. यात क्रिया कोणती? 'होतो'. परिणाम हे नाम आहे. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला 'वर' लागलेलं आहे. मराठीत 'परिणामणे' असं क्रियापद आपण वापरत नाही. सगळा अर्थ नामात साठवतो आणि 'होणे' किंवा 'करणे' जोडून काम भागवतो.

इंग्रजीत हेच म्हणायला दोन साचे आहेत. पहिला: 'स्लीप अफेक्ट्स स्टडीज.' यात अर्थ क्रियापदात आहे, कर्म त्याला थेट चिकटलेलं आहे आणि मध्ये 'ऑन' नाही. दुसरा: 'स्लीप हॅज ॲन इफेक्ट ऑन स्टडीज.' यात अर्थ नामात आहे, क्रियेचं ओझं 'हॅज' वाहतो आणि 'ऑन' हवाच. मराठी वाक्याची घडण या दुसऱ्या साच्यासारखी आहे. परिणाम म्हणजे इफेक्ट, होतो म्हणजे हॅज, वर म्हणजे ऑन.

घोटाळा होतो तो असा. आपण मराठी वाक्य मनात धरून लिहायला बसतो, म्हणजे 'वर' आधीच मनात असतो. दुसरीकडे शाळेपासून कानावर पडलेलं असतं की इंग्रजी आटोपशीर लिहावं, क्रियापद वापरावं. मग हात पहिल्या साच्याचं डोकं घेतो आणि दुसऱ्याचं धड: 'अफेक्ट्स ऑन'. कधी उलटं होतं. मनात 'परिणाम' हे नाम घोळत असतं, म्हणून इफेक्ट हा शब्द आधी सुचतो, पण 'हॅज' लिहायचं राहून जातं आणि इफेक्टच क्रियापदाच्या जागी बसतो: 'स्लीप इफेक्ट्स स्टडीज'. पहिलं आणि तिसरं रूप ही दोन्ही एकाच मराठी वाक्याची मुलं आहेत.

हे एकदा दिसलं की इतर बऱ्याच चुका त्याच कुळातल्या निघतात. आपण 'वर भर देतो', म्हणून 'एम्फसाइझ ऑन' लिहितो. खरं तर 'ऑन' लागतो 'एम्फसिस' या नामाला, क्रियापदाला नाही. आपण 'विषयी चर्चा करतो', म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं, जिथे 'अबाउट' फक्त 'डिस्कशन'ला शोभतो. 'रजेसाठी विनंती केली' याचं 'रिक्वेस्टेड फॉर लीव्ह' होतं. नामासोबत 'रिक्वेस्ट फॉर' बरोबर, क्रियापदासोबत नुसतं 'रिक्वेस्टेड लीव्ह'. मराठीत नाम आणि 'करणे', इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद, आणि नामाचं शब्दयोगी अव्यय चुकून क्रियापदाला लागणं, हा एकच दोष सगळीकडे आहे. फक्त अफेक्ट-इफेक्टमध्ये नाम आणि क्रियापद दिसायलाही सारखे असल्यामुळे तो जास्त छळतो.

दुरुस्ती: सुटा शब्द नको, साचा धरा

सुट्या शब्दांचा नियम विसरून पूर्ण साचे पाठ करा.

'अमुक अफेक्ट्स तमुक.' मध्ये काहीही नाही.

'अमुक हॅज ॲन इफेक्ट ऑन तमुक.' इथे 'हॅज', 'ॲन' आणि 'ऑन' तिघेही हवेत.

मराठी वाक्य मनात आलं की लिहिण्याआधी एकच निर्णय घ्यायचा: कोणता साचा? त्यानंतर अर्ध्यात बदल करायचा नाही. सुरुवातीला प्रत्येक वाक्य दोन्ही प्रकारे लिहून पाहा. 'गोंगाटाचा एकाग्रतेवर परिणाम होतो' याचं 'नॉइझ अफेक्ट्स कॉन्सन्ट्रेशन' आणि 'नॉइझ हॅज ॲन इफेक्ट ऑन कॉन्सन्ट्रेशन'. 'उशीर झाल्याचा निकालावर परिणाम झाला' याचं 'द डिले अफेक्टेड द रिझल्ट' आणि 'द डिले हॅड ॲन इफेक्ट ऑन द रिझल्ट'. थोड्याच सरावात 'अफेक्ट्स ऑन' कानाला खटकायला लागतं. ते खटकणं फार मोलाचं आहे, कारण घाईत नियम आठवत नाही पण कान जागा असतो.

कोणता साचा कधी? मराठी वाक्यात परिणामाला विशेषण असेल तर दुसरा साचा सोयीचा पडतो. 'गंभीर परिणाम' याचं 'अ सीरियस इफेक्ट' सरळ होतं. तेच पहिल्या साच्यात न्यायचं तर विशेषणाचं क्रियाविशेषण करावं लागतं: 'सीरियसली अफेक्ट्स'. हा बदल करायला विसरलं की 'सीरियस अफेक्ट्स' अशी अर्धवट गोष्ट तयार होते. म्हणून 'दूरगामी', 'विपरीत', 'तात्पुरता' असं काही आधी असेल तर मी बेधडक 'ई'चा साचा सुचवते. विशेषण नसेल आणि वाक्य छोटं हवं असेल, तर 'ए'चा.

शेजारी पाहून ओळखणं

लिहून झालेल्या मजकुरात शब्दाकडे न पाहता त्याच्या दोन्ही बाजूंना पाहा. आधी 'द', 'ॲन', 'एनी', 'नो', 'धिस' यांपैकी काही किंवा एखादं विशेषण असेल, तर 'ई'. नंतर लगेच 'ऑन' किंवा 'ऑफ' असेल, तरी 'ई'. आधी 'विल', 'कॅन', 'मे', 'डझ नॉट' असं काही असेल आणि नंतर थेट कर्म असेल, तर 'ए'. शेवटी 'एड' किंवा 'इंग' लागलेलं असेल, तर बहुतेक वेळा 'ए'.

यात दोन फसव्या जागा आहेत. 'द अफेक्टेड एरिया' यात आधी 'द' आहे, तरीही 'ए' बरोबर आहे, कारण 'द' हा 'एरिया'चा आहे आणि अफेक्टेड हे मधलं विशेषण. दुसरी जागा शेवटच्या 'एस'ची. 'अफेक्ट्स'मधला 'एस' क्रियापदाचा तृतीयपुरुषी एकवचनी आहे, तर 'इफेक्ट्स'मधला अनेकवचनाचा. नुसतं 'एस' पाहून काहीच ठरत नाही. वाक्यात दुसरं क्रियापद आहे का ते शोधा. असेल, तर हा शब्द बहुधा नाम आहे.

शब्द बदलून पाहण्याची युक्तीही चांगली आहे, पण ती सहसा चुकीच्या शब्दाने शिकवली जाते. 'अफेक्टच्या जागी इन्फ्लुअन्स घालून पाहा' असं सांगतात. इन्फ्लुअन्स नामही आहे आणि क्रियापदही, त्यामुळे तो दोन्ही जागी बसतो आणि परीक्षा फसते. 'इम्पॅक्ट' आणि 'चेंज' यांचंही तेच. परीक्षेसाठी एकाच जातीचा शब्द हवा. क्रियापदासाठी 'ऑल्टर' घ्या, नामासाठी 'कॉन्सिक्वेन्स'. 'ऑल्टर' बसला तर 'ए', 'कॉन्सिक्वेन्स' बसला तर 'ई'. अर्थ तंतोतंत जुळायची गरज नाही, वाक्य व्याकरणाने उभं राहतं का एवढंच पाहायचं.

काहीजण या कटकटीतून सुटण्यासाठी सगळीकडे 'इम्पॅक्ट' लिहितात. मला ते पटत नाही. इम्पॅक्टमध्ये आदळण्याचा जोर आहे, प्रत्येक लहानसहान परिणामाला तो पेलत नाही. शिवाय इम्पॅक्ट क्रियापद असतानाही त्याच्यापुढे 'ऑन' चालतो, त्यामुळे 'अफेक्ट्स ऑन'ची सवय उलट पक्की होते.

मराठीच्या मदतीने ओळखणं

'परिणाम' हा शब्द दोन्ही अर्थ गिळतो, म्हणून तो बाजूला ठेवा. त्याच्या जागी आपल्याकडे जास्त नेमके शब्द आहेत.

बाधणं, फरक पडणं, झळ पोचणं, फटका बसणं यांपैकी काही म्हणता येत असेल, तर 'ए'. 'मला त्याने काही फरक पडत नाही' म्हणजे 'इट डझ नॉट अफेक्ट मी'. 'ग्रस्त' किंवा 'बाधित' जिथे शोभतो तिथेही 'ए': पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त, बाधित क्षेत्र, सगळीकडे अफेक्टेड.

'लागू' किंवा 'अंमल' जिथे शोभतो तिथे 'ई'. नियम लागू झाला म्हणजे 'द रूल केम इंटू इफेक्ट'. अमुक तारखेपासून लागू म्हणजे 'विथ इफेक्ट फ्रॉम', ज्याचा आदेशांमध्ये डब्ल्यू-ई-एफ असा संक्षेप करतात. त्यातला 'ई' लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं. औषध लागू पडलं म्हणजे 'द मेडिसिन टुक इफेक्ट'. मराठीतला एकच 'लागू' कायद्यालाही चालतो आणि औषधालाही, आणि इंग्रजीतही दोन्हीकडे तोच 'ई' येतो. ही जुळणी मला फार उपयोगी वाटते.

औषधावरून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. 'औषधाचा काही परिणाम झाला नाही' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. गुण आला नाही, असा एक. काही त्रास झाला नाही, असा दुसरा. 'द मेडिसिन हॅड नो इफेक्ट' म्हटलं की ऐकणारा सहसा गुण आला नाही, असंच समजतो. 'द मेडिसिन डिड नॉट अफेक्ट हिम' म्हटलं तर औषधाने त्याला काही झालं नाही, बाधलं नाही, असाही अर्थ निघू शकतो. म्हणजे इथे दोन साचे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत घालता येत नाहीत. रुग्णाची माहिती इंग्रजीत लिहिणाऱ्याने आधी मराठीतच स्पष्ट करावं: गुण आला नाही की बाधलं नाही? ते ठरलं की शब्द आपोआप ठरतो.

शास्त्रातल्या नाव दिलेल्या घटना मात्र झटपट उरकता येतात. १८४२चा डॉप्लर इफेक्ट, १८७९चा हॉल इफेक्ट, १९२८चा रामन इफेक्ट, तसंच ग्रीनहाउस इफेक्ट आणि प्लासिबो इफेक्ट. मराठीत त्यांना 'रामन परिणाम', 'हरितगृह परिणाम' म्हणतात, आणि आधी नाव लावलेलं असलं की शब्द नामच असणार. तिथे 'ए' कधीही येत नाही. 'साइड इफेक्ट', 'साउंड इफेक्ट', 'कॉज अँड इफेक्ट', 'इन इफेक्ट', 'टु धिस इफेक्ट' यांचंही तसंच. 'पर्सनल इफेक्ट्स' तेवढं वेगळं आहे. त्याचा परिणामाशी संबंध नाही, त्याचा अर्थ माणसाची स्वतःची चीजवस्तू.

आठवणीसाठी एखादी खूण हवीच असेल, तर क्रमाची खूण घ्या. 'ए' आधी येतो, 'ई' नंतर. आपल्याकडेही 'अ' आधी, 'इ' नंतर. घडतानाही तसंच घडतं. आधी एखादी गोष्ट दुसरीला स्पर्श करते, ते अफेक्ट. त्यानंतर जे दिसून येतं, ते इफेक्ट. देवनागरीत आपण हे शब्द 'अ' आणि 'इ' असे स्पष्ट वेगळे लिहितो. बोलतानाही तो फरक पुसू देऊ नका, जोर मात्र 'फेक्ट'वरच राहू द्या.

नियम उलटतो तिथे

क्रियापद म्हटलं की 'ए' आणि नाम म्हटलं की 'ई', हे बहुतांश वेळा खरं आहे. उरलेल्या जागा मोजक्या आहेत, पण नेमक्या महत्त्वाच्या कागदांत भेटतात.

इफेक्ट क्रियापद होतो तेव्हा अर्थ 'घडवून आणणं'. 'टु इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं, 'टु इफेक्ट रिपेअर्स' म्हणजे दुरुस्ती करणं. त्याच्यासोबत बहुधा चेंज, रिफॉर्म, पेमेंट, डिलिव्हरी, ट्रान्सफर असं घडणारं, पार पडणारं काहीतरी असतं. आता हे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवा: 'द कमिटी इफेक्टेड द चेंज' आणि 'द कमिटी अफेक्टेड द चेंज'. पहिल्यात बदल समितीने केला. दुसऱ्यात बदल आधीपासूनच चालू होता, समितीमुळे त्यात फरक पडला. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत, म्हणून इथे कोणतीही शब्दयुक्ती उपयोगाची नाही. काय घडलं हे माहीत असल्याशिवाय तपासनीसाने या वाक्याला हात लावू नये. लेखकाला विचारावं: बदल कुणी केला? मराठीत 'घडवून आणला' म्हणता येत असेल तर 'ई', 'बदलावर परिणाम झाला' म्हणायचं असेल तर 'ए'.

अफेक्ट नाम होतो तो मानसशास्त्रात. तिथे त्याचा अर्थ चेहऱ्यावर, आवाजात, वागण्यात दिसणारी भावना. उच्चारही बदलतो, जोर पहिल्या अक्षरावर येतो: ॲफेक्ट. रुग्णाच्या नोंदीत 'फ्लॅट ॲफेक्ट' असं लिहिलेलं असेल, तर ते 'इफेक्ट' करू नका. त्याचा अर्थ भावना चेहऱ्यावर उमटत नाहीत. त्याचंच विशेषण अफेक्टिव्ह. १९८४मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला, ठराविक ऋतूत येणाऱ्या उदासीनतेचा विकार 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' म्हणून ओळखला जातो. शिक्षणशास्त्रात शैक्षणिक उद्दिष्टांच्या ब्लूमच्या वर्गीकरणातलं भावात्मक क्षेत्र म्हणजे 'अफेक्टिव्ह डोमेन'. या ठिकाणी 'इफेक्टिव्ह' लिहिलं तर भावनिक ऐवजी परिणामकारक असा भलताच अर्थ होतो, आणि वाचणाऱ्याला ते वाक्य खरंही वाटू शकतं. म्हणून ही चूक जास्त घातक.

अफेक्टचं आणखी एक क्रियापद आहे, आव आणणं या अर्थाचं. 'ही अफेक्टेड सरप्राइझ' म्हणजे त्याने आश्चर्याचा आव आणला. त्यामुळे 'अनअफेक्टेड'चे दोन अर्थ होतात: ज्याच्यावर परिणाम झालेला नाही तो, आणि ज्याच्या वागण्यात कृत्रिमता नाही तो. संदर्भ पाहूनच ठरवावं लागतं.

तयार मजकूर तपासताना

लांबलचक मजकुरात हे शब्द डोळ्यांनी शोधत बसू नका. शोधपेटीत दोन्ही शब्दांचा समान भाग टाका: एफ-एफ-ई-सी-टी. पहिलं अक्षर टाकायचं नाही. त्यामुळे दोन्ही शब्द आणि त्यांची सगळी रूपं एकाच फेरीत सापडतात. 'पूर्ण शब्दच शोधा' असा पर्याय चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर काहीच मिळणार नाही.

आधी 'ऑन' तपासा, अक्षर नंतर. शब्दाच्या लगेच पुढे 'ऑन' असेल आणि शब्द 'ए'चा असेल, तर बहुतेक वेळा चूक आहे. मग एकतर 'ऑन' काढा किंवा 'हॅज ॲन इफेक्ट ऑन' करा. त्यानंतर 'एड' आणि 'इंग'वाले पाहा. त्यांत 'ई' दिसला तर 'घडवून आणलं' हा अर्थ लागतो का ते बघा. 'इफेक्टिव्ह'कडे मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राचा विषय असेल तरच थांबायचं. उरलेल्यांना 'ऑल्टर' आणि 'कॉन्सिक्वेन्स'ची परीक्षा लावा. 'सगळे एकदम बदला' हे बटण इथे चुकूनही दाबू नका. एकेक जागा पाहूनच बदलायची.

एवढं करूनही एखादं वाक्य अडलं, तर तिथे मुळात यांपैकी कोणताच शब्द हवा आहे का, हे विचारा. अफेक्ट हा शब्द काहीतरी झालं एवढंच सांगतो. वाढलं की घटलं, सुधारलं की बिघडलं, हे सांगत नाही. 'द डिले अफेक्टेड द प्रोजेक्ट' वाचून प्रकल्पाचं नेमकं काय झालं ते कळत नाही. खर्च वाढला असेल तर तसं लिहा, मुदत हुकली असेल तर तसं लिहा. 'नॉइझ अफेक्ट्स कॉन्सन्ट्रेशन'च्या जागी 'नॉइझ वीकन्स कॉन्सन्ट्रेशन' जास्त काही सांगतं. अहवालातली निम्मी अफेक्ट-इफेक्टची जोडी अशी नेमक्या क्रियापदांनी बदलता येते आणि मजकूर सरस होतो. करार, आदेश आणि वैद्यकीय नोंदी यांना मात्र ही मुभा नाही. तिथे 'विथ इफेक्ट फ्रॉम', 'टु इफेक्ट ट्रान्सफर', 'फ्लॅट ॲफेक्ट' हे ठरलेले शब्द आहेत, ते जसेच्या तसे ठेवा.